शाबासकीचं दुकान

गल्लीत सगळे त्याला शाबासकीवाले म्हणायचे. दुकान ढाली, करंडक आणि पितळी पाट्यांचं, आणि गल्ल्यावर बसणारा हा गृहस्थ म्हणजे इंग्रजी कौतुकातला मोठा जाणकार. शाळेत इंग्रजीत दोनदा नापास झाला होता, ते सोडा. तीस वर्षं परक्यांच्या कौतुकाचा मजकूर ठरवून ठरवून त्या एका बाबतीत त्याचा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं.

"'कीप इट अप' टाका," एखादं गिऱ्हाईक म्हणायचं.

"अहो, ते निवृत्त होतायत ना? मग आता काय कीप अप करायचं त्यांनी, घरी बसणं?" असं म्हणून तो वही उघडायचा. "हे बघा. 'काँग्रॅच्युलेशन्स' कुणालाही चालतं, लॉटरी लागली तरी चालतं. 'यू हॅव अर्न्ड इट' आपल्या माणसाला म्हणायचं, साहेबाला नाही. 'क्रेडिट वेअर क्रेडिट इज ड्यू' म्हणजे ज्याचं श्रेय त्याला, ते मन मोठं करून म्हणायचं असतं. आणि 'वेल डिझर्व्ड' मी उगाच कुणाला देत नाही. ज्यानं घाम गाळलाय त्याचंच ते."

गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. मजकुराची चिठ्ठी पडद्यामागे जायची, आणि तिथे त्याची धाकटी बहीण ती पितळेवर कोरायची.

चिमी तिचं घरातलं नाव. पंचेचाळिशी उलटली तरी दादासाठी ती चिमीच. वडिलांनी कोरणी दोघांच्याही हातात दिली होती. दादाची लवकरच सुटली, कारण त्याला बोलायला आवडायचं. चिमीची कधीच सुटली नाही. मागची खोली आठ बाय दहाची, एक उंच खिडकी, एक भिंग, आणि बोटांवर कायम पितळेचा वास. गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना तर मागे कुणी बसतं हेही ठाऊक नव्हतं. दादानं कधी लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. कौतुक विकणाऱ्या या माणसानं इतक्या वर्षांत बहिणीला एकदासुद्धा "छान झालंय" म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला काय म्हणायचं, असं त्याला वाटायचं. आपल्याकडे बहुतेकांना तसंच वाटतं म्हणा.

त्या वर्षी कारागीर संघानं जाहीर केलं की सर्वोत्तम कोरीवकामाला मानाची ढाल मिळेल, आणि ज्याला ढाल त्याच्याकडेच संघाचा सहा महिन्यांचा शिकवणीवर्ग. चिमीनं ते वाचलं आणि चार महिने रोजचं काम उरकून एक तळहाताएवढी पाटी कोरली. वडिलांचं कामाचं टेबल. त्यावर पकड, दिवा, घडी उलगडून ठेवलेला चष्मा. ढालीचं तिला फारसं पडलं नव्हतं. तिला वर्ग हवा होता. "पोरींना शिकवीन दादा," ती म्हणाली होती. "आपल्या धंद्यात पोरी नाहीतच." असं एखादी गोष्ट मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून ते दादाच्या चांगलं लक्षात राहिलं.

अर्ज दादानं भरला. 'कारागिराचं नाव' या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. सवयीनं लिहिलं, असं त्यानं नंतर मनाशी शंभरदा घोकलं. सवय कसली आलीय? लिहिताना पेन थांबलं होतं चांगलं. मग त्याला वाटलं, दुकान माझं, लोक मला ओळखतात, आणि बक्षीस कुठे लागतंय?

लागलं. संघाच्या सचिवांचा सकाळीच फोन आला. "कमाल केलीत हो. त्या चष्म्याच्या काचेत खिडकी उमटलीय, ती बघून परीक्षक गार पडले. कशी सुचली?"

काचेत खिडकी आहे हे दादाला माहीतच नव्हतं. पाटी गुंडाळून पाठवताना त्यानं ती दोन मिनिटंसुद्धा नीट पाहिली नव्हती. "सुचली झालं," तो म्हणाला.

मग पडदा सारून त्यानं आत सांगितलं, "बक्षीस लागलं बरं का."

चिमीनं भिंग डोळ्यावरून काढलं. "मला?"

"दुकानाला," दादा म्हणाला आणि गिऱ्हाईक नसतानाही घाईघाईनं बाहेर आला.

सांगू, सांगू म्हणत तीन दिवस गेले. आणि या शहाण्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही, की संघाच्या ढाली वर्षानुवर्षं याच दुकानात कोरल्या जातात. चौथ्या दिवशी तो बँकेत गेला असताना संघाचा माणूस ढालीची मागणी देऊन गेला. कागदावर विजेत्याचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'मजकूर तुमच्या पसंतीचा.' कागद चिमीनं घेतला.

दादा परतला तेव्हा ढाल कोरून पुसून टेबलावर ठेवलेली होती. त्याचं नाव, अक्षर न् अक्षर मोत्यासारखं. त्याखाली इंग्रजीत, वेल डिझर्व्ड.

दादानं ढाल उचलली. "चिमे, हे..."

"नाव आलं तसं कोरायचं, आपण विचारायचं नाही. तुझाच नियम," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मजकूर वहीतला आहे. चुकला का?"

दादा स्टुलावर बसला. मान वर होईना. "माझं चुकलं," तो म्हणाला. "फार चुकलं. मी आत्ता फोन करतो."

"फोनवर कशाला? फोनवरचं फोनवरच राहतं."

"मग समारंभात सांगतो. सगळ्यांसमोर, माईकवर. आई शप्पथ सांगतो."

चिमीनं कोरणी पुसून जागेवर ठेवली. "एवढंच सांग की ते मी केलंय," ती म्हणाली. "बाकी काही नको. तुझी भाषणं नकोत."

"एवढंच सांगतो," दादा म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणाला.

समारंभ रविवारी सकाळी होता. सभागृहात दोनशे खुर्च्या, चिमी तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत. दादानं वाक्य पाठ केलं होतं. हे मी केलेलं नाही, माझ्या बहिणीनं केलंय. दुसरीतलं पोरही म्हणू शकेल इतकं सोपं. सचिवांनी नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, ढाल हातात आली. माईकसमोर दादानं समोर पाहिलं. धंद्यातली सगळी मंडळी बसली होती. ज्यांच्याकडून माल घ्यायचा ती, ज्यांना माल द्यायचा ती. उद्या हीच माणसं आपल्याला काय म्हणतील, हा विचार आला आणि जीभ टाळ्याला चिकटली.

मग ती सुटली, आणि सुटली ती वहीच्या वाटेनं.

"मित्रहो," तो म्हणाला, "आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. क्रेडिट वेअर क्रेडिट इज ड्यू. ज्याचं श्रेय त्याला. आज या ढालीचं खरं श्रेय माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. ती नसती तर हे झालं नसतं. ती माझी प्रेरणा आहे, माझा उजवा हात आहे. ही ढाल मी तिला अर्पण करतो."

शब्द तोंडातून निघत होते आणि त्याला कळत होतं, की आपण खरं सांगत नाही आहोत, खरं सजवून पुरतो आहोत. त्याला थांबायचं होतं. त्या एका वाक्याला अजून जागा होती. पण सभागृह उठून उभं राहिलं होतं. टाळ्या थांबेनात. सचिवांनी डोळे टिपत त्याला मिठी मारली आणि माईक ओढून घेतला. "असा मोठेपणा पाहायला मिळत नाही हो. आमचा वर्ग अशाच माणसाच्या हाती हवा. आणि बहिणीची मदत तर त्यांना असणारच."

पुन्हा टाळ्या. दादानं माईककडे हात केला, सचिवांना वाटलं तो नमस्कार करतोय, त्यांनी तो हात धरून सर्वांना उंचावून दाखवला. दादानं तो सोडवून घेतला नाही.

खाली उतरल्यावर वाट काढत, पाठीवर थापा झेलत तो तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला. लाज अंगात भरली होती. चिमीजवळ एक वयस्कर बाई उभ्या होत्या, कुणा कारागिराच्या आई असाव्यात. त्यांनी चिमीचे दोन्ही हात हातात घेतले होते.

"नशीब काढलंस हो पोरी," त्या म्हणत होत्या. "असा भाऊ मिळायला पुण्याई लागते. किती कौतुक केलं तुझं."

चिमीनं दादाकडे पाहिलं. मग त्या बाईंकडे वळून ती हसली.

"हो," ती म्हणाली. "बोलतो छान."