नागोजी आप्पांचा एकच शब्द

पक्षाघातानंतर नागोजी आप्पांचा एकच शब्द शाबूत राहिला होता, आणि तो वॉर्डात उच्चारण्यासारखा नव्हता.

"सुक्काळीच्या!"

डॉक्टर, झाडूवाली, मी, सगळ्यांना समान वाटप. मी वाचेच्या आणि गिळण्याच्या उपचारांचं एम.एस्सी. करत होते आणि बेळगावातल्या दवाखान्यात माझी पोस्टिंग होती. आप्पा उचगावचे. नाकातली नळी दोनदा उपसली म्हणून त्यांचे हात खाटेला बांधलेले. आज गिळायची चाचणी. जमली तर नळी निघणार, नाहीतर उद्या पोटाला भोक पाडून तिथं नळी.

"पोटाला भोक पाडलासा तर हे जगायचंच सोडतील बघ," त्यांच्या बायकोनं, आक्काताईंनी, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

चाचणी तशी साधी. चमचा भरवायचा, मग पेशंटला 'आ' म्हणायला लावायचं. आवाज स्वच्छ आला तर घास पोटात गेला. पाण्यातून आल्यासारखा घुरघुरला तर घास श्वासनळीच्या तोंडाशी अडकलाय.

मी नाचणीची घट्ट आंबील दिली. आप्पांनी गिळली.

"आता आ म्हणा, आप्पा."

तोंड उघडलं, आवाज नाही. डोळे भरून आले. म्हणायचं होतं हो त्यांना. पण ठरवून बोलायला गेलं की शब्द पळतो, रागात मात्र निसटतो. आजारच तसा.

"आवाज नाही, म्हणजे खात्री नाही," माझ्या गाइड सौम्या मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "भोकच, पारमिता."

"एक मिनिट, मॅडम. आक्का, ह्यांना सगळ्यात जास्त राग कुणाचा?"

"माझा. त्याच्या खालोखाल चुलतभावाचा, भावकूचा. दरसाल आमचा बांध कोरतोय."

मी आप्पांच्या कानाशी वाकले. "भावकू आलाय. म्हणतोय, बांध माझाच हाय."

"सुक्काळीच्या!"

स्वच्छ, खणखणीत! शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले.

"अय्यो," मॅडम म्हणाल्या. "आणखी एकदा."

दुसऱ्या चमच्याला भावकूनं पाणी वळवलं, तिसऱ्याला तो पंचायतीत निवडून आला. दोन्ही शिव्या स्वच्छ. मग पातळ म्हणून आक्काताईंच्या थर्मासमधला चमचाभर चहा दिला. या वेळची शिवी घुरघुरली, मागोमाग खोकला.

"चहा न्हाय, व्हय?" आक्काताईंनी ओळखलं.

"इतक्यात न्हाय, आक्का. घट्ट तेवढं चालंल."

मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. सिस्टरनं येऊन नळी ओढली, मी त्यांचे हात सोडले आणि पुन्हा चमचा भरला. आता पहिली थप्पड आपल्यालाच, अशी माझी खात्री होती. आप्पांनी माझं मनगट धरलं आणि आंबिलीचा चमचा स्वतःच तोंडाकडं नेला. निम्मी हनुवटीवर सांडली.

माझी दहा महिन्यांची लेक अस्साच चमचा हिसकावते, आणि मी रोज तिच्याशी भांडते.

यांच्याशी नाही भांडले. हनुवटी पुसली, आणि वाटी जवळ सरकवली.