सात नंबरचा टॅपेट

आमच्या गॅरेजचे उस्ताद म्हणजे माझे सासरे. मी त्यांच्याच घरात राहणारा जावई, आणि कामालाही त्यांच्याच हाताखाली. बावीस वर्षं ऐकतोय, "जावईबापू, पाना आहे तो, चमचा नव्हे." आता सांगा, माणसाने थोडी गंमतही करू नये?

मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, नाव होतं इंजिनातले टॅपेट ओळखण्यात. अंगठ्याएवढे लोखंडी तुकडे; कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, फिरताना त्यांनाच वर ढकलतो. धड टॅपेटचं बूड किंचित फुगीर, झिजलेल्याचं खोलगट. फरक केसाएवढा, पण खोलगट परत बसवला की नव्या कोऱ्या कॅमची वाट लागलीच. मामा नुसतं बोट फिरवून सांगायचे.

सांगायचे! दोन वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्याने बोटं बधिर झाली. हे माहीत एकट्या मला. कारण हल्ली म्हातारा टॅपेट नाकाशी नेतो, "जळका वास बघतो" म्हणतो, आणि हळूच खालच्या ओठावरून फिरवतो. ओठाला कळतं. पोचलेला माणूस!

मालकाला शंका होतीच. परवा एक इंजिन खोललं, बारा टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबराने लावले. मालकाने गुपचूप बुडाला पोलादी पट्टी लावून सगळे तपासले, झिजलेल्यांचे नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात टाकले.

"उस्ताद, बरोबर ओळखलेत तर हे टेबल मरेपर्यंत तुमचं. चुकलात तर आजपासून घरी."

"घरी नको शेठ," मामा म्हणाले. "तिथे जावई असतो."

सगळं गॅरेज हसलं. सगळ्यात मोठ्याने मी.

टॅपेट पुसून द्यायचं काम माझं. आणि माझी दाढ महिनाभर ठणकतेय, त्यामुळे हिरडी बधिर करायचं मलम कायम खिशात. पाच नंबरपासून पुढे प्रत्येकाच्या बुडाला ते बोटाने चोपडलं, वरून तेलाचा हात. पहिले चार मुद्दाम सोडले. म्हाताऱ्याला आधी चढू दे की!

मामांनी एक उचलला, वास घेतला. "चांगला." दोन, "गेला." तीन, "चांगला." चार, "गेला, कॅमचंही नाक खाल्लं असणार यानं." मालक चिठ्ठी बघून मान डोलवत होता.

पाच, चांगला. सहाला जरा वेळ लागला. सात नाकाशी नेला आणि तिथेच थांबले. पुन्हा नेला. मग जोरात दाबला, इतका की ओठातून रक्त आलं. त्यांना ते कळलंच नाही, हनुवटीवर ओघळ आला तेव्हा गॅरेजला दिसलं. मी गाल आतून चावून धरला होता, हसू फुटेल म्हणून.

"चांगला," मामा म्हणाले. आवाज असा, जणू दुसऱ्याचाच.

मालकाने बुडावर पट्टी आडवी धरून दिव्यासमोर केली. मधोमध उजेडाची फट. वाटी झाली होती सातची.

"राहू द्या शेठ." मामांनी उरलेल्यांना हात लावला नाही. "बोटं गेली होती. आता तोंडही गेलं." गॅरेजमध्ये कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. काय सांगू, पोटात गुदगुल्या!

तासाभराने ते आपली पेटी भरत होते. मालकाने निरोपाचा चहा मागवला. मामांनी घोट घेतला आणि चटका बसून कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलून मुद्दाम ओठाला लावला, तसाच धरून ठेवला. ओठ परत आला होता.

त्यांनी ट्रेकडे बघितलं. सात नंबर उचलून जिभेच्या टोकाला लावला. आणि मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. वाटलं, आता ओरडणार. पण ओरडून सांगणार काय? दोन वर्षं ओठाने काम करत होतो म्हणून?

पेटीची कडी लावताना म्हणाले, "जावईबापू, दाढ कशी आहे?"

"एकदम बरी, मामा," मी म्हणालो, आणि त्यांचं टेबल पुसायला घेतलं.