गुळाच्या काहिलीत शिजलेलं ऊन

माझ्या पोटात डोकावलात तर तुम्हाला स्वतःची शंभर तोंडं दिसतील. दचकू नका. मी आरसा नाही. मी काहील बोलतेय, काष्टीजवळच्या आप्पासाहेबांच्या गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवणारी लोखंडी काहील. आठ फूट रुंद, बूड सपाट, कडा चढत्या. तोंडानं जरा फटकळ आहे, तेवढं चालवून घ्या. सगळं आयुष्य चुलाणावर गेलंय माझं.

नगरच्या एका लोहारानं जाड पत्रे ठोकून, रिव्हेट मारून मला घडवलं. बैलगाडीतून गुऱ्हाळावर आले आणि तिथं गहिनीनाथाची गाठ पडली. तो गुऱ्हाळाचा इंजिनवाला. ऊस पिळणारा चरक ज्या इंजिनावर फिरायचा, ते इंजिन म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण हंगाम संपला की मला मात्र तोच घासायचा, विटेच्या भुकटीनं, पार लखलखेपर्यंत. बाकीचे गडी पाणी ओतून मोकळे व्हायचे. माणूस कसा आहे ते भांड्याला घासण्यावरून कळतं, हे माझं मत.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. कालव्यात गुरं झोपायला लागली. ऊस वाळला, गुऱ्हाळ बंद पडलं. छप्पर उतरवलं तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "गहिनीनाथ, ही काहील तुझ्या अंगणात ऱ्हाऊ दे. पाऊस पडला तर नेऊ, न्हाईतर भंगारात." मी ऐकत होते हो! भंगारात म्हणे!

गहिनीनाथ आणि त्याची बायको चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. मी भिंतीला टेकून उभी. माघात एकदा चांगुणानं माझ्यासमोरच्या दोरीवर ओलं लुगडं वाळत घातलं आणि घटकाभरात ते कडकडीत वाळलं. तिनं हात पुढं केला आणि झटकन मागं घेतला.

"अवं, हिकडं या. ही काहील चुलीवानी तापतीया."

गहिनीनाथानंही हात पुढं धरून पाहिला. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला तो उठेचना. विडी हातातच विझली. त्याच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला लगेच कळलं, शिजण्यातलं मला कळतं.

पण आधी त्या घरचं दुःख सांगायला हवं. आदल्या साली त्यांची थोरली लेक रतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरं धाब्याची, आतली खोली भर दिवसा अंधारी. रतनला कळा सुरू झाल्या दिवस मावळताना. रॉकेलची चिमणी निम्म्यात विझली, वस्तीत कुणाकडं रॉकेलचा थेंब नाही. लंकाबाई सुईण चाचपडत राहिली. रक्त किती जातंय ते तिला दिसलंच नाही. रतन गेली, बाळही गेलं. आणि आता धाकटी पुष्पावती पोटुशी होती. वैशाखात दिवस भरणार होते, माहेरी यायची होती ती.

लंकाबाई दारात येऊन स्पष्ट बोलली होती, "गहिनी, मला उजेड पायजे. चिमणीवर मी आता बाळंतपणाला हात लावायची न्हाई. माझ्या हातात तुझी रतन गेली, मला झोप लागत न्हाई रं."

विजेचे खांब काष्टीपर्यंत आले होते. वस्तीला बारा घरं, बारा घरांसाठी कोण खांब रोवतंय? तेव्हा गहिनीनाथानं ठरवलं, वीज आपणच करायची. उन्हाचं पाणी करता येत नाही, पण उन्हानं पाण्याची वाफ करता येते. वाफेनं दट्ट्या हलेल, दट्ट्यानं डायनामो फिरेल, डायनामोनं बॅटरी भरेल आणि रात्री दिवा लागेल. मोडीत निघालेल्या ट्रकचा डायनामो आणि बॅटरी त्यानं काष्टीच्या बाजारातून पैदा केली. दट्ट्या आणि नळी संगमनेरच्या एका कारागिराकडून बसवून घेतली. गुऱ्हाळातला एक पाईप गोल वेटोळा करून, काजळी फासून, माझ्या तोंडासमोर टांगला. बैलगाडीच्या चाकावर मला अशी बसवली की हव्या त्या बाजूला फिरेन. आता लागणार होते आरसे, पुष्कळ आरसे.

आरसे मागायला चांगुणा आपल्या आणि आसपासच्या वस्त्यांवर घरोघर गेली. सगळ्यात आधी स्वतःचा दिला, लाल चौकटीचा, तिच्या रुखवतातला. मग बायका ओळीनं देत गेल्या. कुणी म्हणाली, "आमच्या थोबाडाकडं बघायला येळ कुठाय?" पण देताना पदरानं पुसून दिला. त्या दिवसापासून वस्तीतल्या बायका समोरासमोर बसून एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावायच्या. मला ते बघून गलबलून यायचं.

गहिनीनाथानं मोठ्या आरशांचे वीतभर तुकडे कापले आणि माझ्या पोटात चिकटवले. कशानं? मेणानं! बायका कुंकवाखाली लावतात त्या मेणानं. हाताशी तेच होतं. मी लोखंडाची, माझं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, नाहीतर तिथंच ओरडले असते की बाबा रे, गूळ शिजवणारीच्या पोटात मेण लावतोस?

पाडव्याला सगळी वस्ती जमली. मला सूर्याकडं फिरवलं. पाईपावर लखकन उजेड पडला आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. अन् मग एक आरसा घसरला. मग दुसरा. मग धबाधबा सगळे माझ्या बुडाशी! मेणाचे ओघळ, काचेचे तुकडे. एक जण रडायलाच लागली. रुखवतातला आरसा मधोमध तडकला होता.

"माझं चुकलं," गहिनीनाथ खाली बघत म्हणाला. "समद्यांचे आरसे घालवले म्या."

चांगुणानं दोन्ही तुकडे उचलले. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट. "फुटला तर फुटला. दोन झाले, दोन्ही लावा. आन तुमी बाजूला व्हा जरा. उन्हानं पातळ हुतं ते कशाला लावायचं? उन्हानं घट्ट हुतं ते लावा की."

ती चुलीची माती घेऊन आली. बारीक चाळलेली, घोड्याची लीद आणि भुस्सा घालून मळलेली, बायका चूल घालतात ती. माझं बूड सपाट, त्यामुळं उजेड इकडंतिकडं फाकत होता, त्याचीही तिनंच सोय लावली. प्रत्येक आरशाखाली मातीचा गोळा ठेवायचा. बाकीचे आरसे गोणपाटानं झाकायचे. एकच उघडा ठेवून त्याचा कवडसा काळ्या पाईपावर पडेपर्यंत तो वाकडातिकडा करायचा, आणि मग माती दाबायची. दिवसाला तीन-चार व्हायचे. गहिनीनाथ पाईपाकडं बघत सांगायचा, "वर... अजून वर... बास!" नवराबायको महिनाभर माझ्या पोटात राबली, खडी फोडून आल्यावर आणि खाड्याच्या दिवशी. जितकं ऊन लागे तितकी माती पक्की होई.

चैत्राच्या शेवटी पाईपातनं पहिल्यांदा फुस्स आवाज आला. दट्ट्या हलला, डायनामो कुरकुरला, आणि ट्रकचा तो एवढासा बल्ब लाल होऊन मग पिवळा झाला. आजवर मला बुडाखालून जाळ माहीत होता. तोंडावरचं ऊन शिजवून उजेड होतो, हे मला म्हातारपणी कळलं. खरं सांगते, गुळाच्या पहिल्या ढेपेचाही मला इतका आनंद झाला नव्हता.

पण बॅटरी जुनी, दोन दिवसांत उतरायची. रोज भरावी लागे. पाईपाला पाणी लागे आणि टँकर तीन दिवसांनी यायचा. शेजारी कुरकुरले, "प्यायला पानी न्हाई आन ह्यो वाफ करून उडवतोय." गहिनीनाथानं पाईपात पाणी घालणं थांबवलं, दोन दिवस मी कोरडी बसून राहिले.

नेमक्या तिसऱ्या दिवशी दुपारी माहेरी आलेल्या पुष्पावतीला कळा सुरू झाल्या, दहा-बारा दिवस आधीच. बॅटरी रिकामी. लंकाबाईनं आत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "मूल दिवस मावळल्याशिवाय येत न्हाई. तवर काय करायचं ते करा."

गहिनीनाथानं घरातली घागर उलटी केली. तांब्याभर निघालं. पाईपात ओतलं ते पुरलं नाही. तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. "पुन्यांदा न्हाई," तो एवढंच म्हणत होता, "पुन्यांदा न्हाई."

तेवढ्यात खडीवरून बायका परतल्या. तोंडं धुळीनं पांढरी, घसे सुकलेले. परवा कुरकुरलेली कडूबाई सगळ्यात पुढं. तिनं काय चाललंय ते विचारलंसुद्धा नाही. घरात गेली, तांब्या घेऊन आली आणि पाईपात ओतला. पाठोपाठ दुसरी. मग तिसरी. सगळ्यांच्या घरचं प्यायचं पाणी माझ्यासमोरच्या पाईपात गेलं. मग त्यांनी पाळी लावली. सूर्य सरकेल तसं चाकाला रेटा द्यायचा. "व्हय गं, अजून थोडी... अजून!" चांगुणा आतून धावत यायची, मला एक रेटा द्यायची, पुन्हा आत पळायची. मीही तापले, अशी तापले की रिव्हेट तडतडले. ऊन कलंडलं, पिवळं झालं, तरी एक कवडसा मी सोडला नाही.

दिवस मावळला, गहिनीनाथानं बॅटरी आणि बल्ब आत पोचवला. माझं काम संपलं, मी थंड पडत चालले. आतलं मला काहीच दिसत नव्हतं. बायका अंगणात उभ्या. मग दाराखाली एक पिवळी रेघ उमटली. मी नुसती तिच्याकडं बघत राहिले. ती रेघ जरासुद्धा हलली नाही, चिमणीसारखी थरथरली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग बाळाचा टाहो आला. लंकाबाई दारात आली, हात पुसत, आणि तिला रडू आवरेना. "गहिनी, पोरगी झाली. रक्त जास्त जात हुतं, पर मला दिसलं. दिसलं रं मला! येळेला थांबवलं."

गहिनीनाथ उठला. लेकीला बघायच्या आधी माझ्याकडं आला आणि माझ्या गार पडलेल्या काठावर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ त्यानं तो काढला नाही.

पुढं पाऊस पडला, ऊस आला. आप्पासाहेब मला न्यायला गाडी घेऊन आले. लंकाबाई आडवी आली, "आप्पासाहेब, गुळाला दुसरी काहील घडवा. ही सुईण हाय आमची." आप्पासाहेबांनी माझ्यात डोकावून स्वतःची शंभर तोंडं बघितली, फेट्यावरून हात फिरवत हसले आणि गाडी रिकामी घेऊन गेले.

वस्तीला अजून खांब आलेले नाहीत. चार आरसे तडकलेत, दट्ट्याला चामड्याची नवी वाटी हवी, माझ्या बुडाला गंज चढलाय. रागानं नाही म्हणत, पण मला घासून बरेच दिवस झालेत. वस्तीतल्या सहादेवाच्या सुनेला नववा लागलाय, असं काल बायका बोलत होत्या. ऊन वर आलंय, आणि मी अजून कालच्याच दिशेला तोंड करून उभी आहे. अहो, जाता जाता मला जरा रेटा द्या.