समासातली निळी ओळ

मी एक कागद बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण मी जन्माचा भित्रा. पाण्याला भितो, उन्हाला भितो, चहाच्या कपाला तर फारच भितो. कागदाने एवढं काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी साधासुधा कागद नाही. चित्रकथेचं मूळ पान आहे मी. तुम्ही साप्ताहिकात वाचता ती छापील पानं, हजारोंनी निघणारी. ज्याच्यावर खऱ्या हाताने चित्र काढलं आणि ज्याचा फोटो घेऊन ती हजारो पानं छापली, तो मी. माझ्यासारखा दुसरा नाही. फाटलो तर संपलो.

गोष्टीत माझा नंबर सतरावा. माझ्या शेवटच्या चौकटीत एक मुलगी हातात कंदील धरून बंद दारासमोर उभी आहे. दाराआड काय आहे ते अठराव्या पानावर होतं. ते मला कधीच कळलं नाही, आणि तिलाही. बिचारी कित्येक वर्षं तशीच घाबरून उभी आहे. माझा स्वभाव बहुतेक तिच्याकडूनच आला असावा.

माझा जन्म साप्ताहिकाच्या कचेरीत झाला, जिन्याखालच्या खोलीत. तिथे दोघं काम करत. चित्रकार पेन्सिलीने चित्र काढायचे. त्यांना सगळे सर म्हणत. मग एक बाई त्यावर शाई भरायच्या. त्या ताई. माणसं सरांची आणि बाकीचं सगळं ताईंचं, अशी वाटणी होती. म्हणजे दारं, खिडक्या, झाडं, अंधार, आणि बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं. नाव मात्र एकट्या सरांचं छापून यायचं. सरांनी एकदा विषय काढला, तेव्हा संपादकसाहेब म्हणाले, "अहो, दोन नावांना जागा कुठाय?" त्याच पानावर साबणाच्या जाहिरातीला जागा होती.

त्या खोलीतली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नसे. म्हणून एकमेकांना काही सांगायचं असेल तर दोघं निळ्या पेन्सिलीने समासात लिहीत. "नाक लहान करा." "इथे अंधार वाढवा." ते छापलं जात नसे, म्हणून कुणी पुसायच्या भानगडीत पडत नसे.

माझ्यावर शाई भरली त्या दिवशी ताईंच्या मांडीवर त्यांची तान्ही मुलगी होती, तापाने फणफणलेली. एक हात तिच्या पाठीवर, एक हात माझ्यावर. मला धरायला तिसरा हात नव्हता. मी सारखा सरकत होतो, म्हणून त्यांनी निळी पेन्सिल चांगली दाबून लिहिलं. मला दुखलंच जरा. ओळ अशी होती: "सर, छकुलीला ताप आहे. एका हाताने करतेय. दाराची कडी उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडी काढली. आपल्या घरच्या स्वयंपाकघराच्या दाराची कडी, दोन स्क्रूंची, त्यातला एक पडलेला. ताईंनी माझ्यावर काम केलं याची साऱ्या जगात एवढीच खूण: ती कडी आणि ती ओळ.

छपाई झाल्यावर आमची किंमत शून्य. आम्हाला माळ्यावर टाकलं. अठराव्या पानाने कुणीतरी फुटकी काच झाकली, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि पावसात त्याचा लगदा झाला. ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. तेव्हा बसलेली धास्ती अजून गेलेली नाही. कचेरी बंद पडली तेव्हा तिथल्या हिशेबनिसांनी मला घरी नेलं. त्यांच्यामागे त्यांच्या भाच्याने मला विकलं. असं हातोहात होत मी समुद्र ओलांडून एका लिलावघरात पोचलो.

तिथे मला हातमोजे घालून उचलायचे. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता, पण माझी पाचावर धारण बसली होती. कारण माझी भाषा तिथे कुणालाच येत नव्हती. यादी करणाऱ्या बाईंनी भिंग लावून मला पाहिलं आणि लिहिलं: "चित्रकार अमुक. स्थिती उत्तम. समासात किरकोळ निळे डाग."

डाग! मी गारठलोच. यादीतला फोटोसुद्धा चौकटींपुरताच काढला, समास वगळून.

लिलावात दुसऱ्याच एका देशातून एका बाईंनी फोनवर बोली लावली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. मी त्यांच्या नावावर झालो. मग त्यांनी भरून पाठवलेला फॉर्म कुणीतरी माझ्या अंगावर ठेवला. पत्ता, सही, आणि खाली एक प्रश्न: पाठवण्यापूर्वी साफसफाई करून हवी का? समोर ठसठशीत बरोबरची खूण. बाईंनी वर चार शब्दही लिहिले होते: "आईला भेट द्यायची आहे. अगदी स्वच्छ करा."

भीक नको पण कुत्रं आवर, असं मला झालं.

कागद दुरुस्त करणारे गृहस्थ वाईट नव्हते. चष्मा कपाळावर, बोटं स्वच्छ, काम करताना गुणगुणायची सवय. त्यांनी माझी पाठ मऊ ब्रशने झाडली, वळलेला कोपरा सरळ केला. मग रबर हातात घेतलं आणि समासात खालच्या टोकाला सुरुवात केली.

"उद्या" गेलं. "कडी" गेलं. मी आतल्या आत ओरडत होतो, अहो, ते अक्षर आहे, डाग नव्हे! पण कागदाला तोंड असतं ते दुसऱ्याचं बोलण्यापुरतंच. छकुलीच्या नावावर ते क्षणभर थांबले, भिंगातून वाकून बघितलं. मला वाटलं, वाचलो. त्यांनी रबराची नवी बाजू फिरवली आणि तेही पुसलं. शेवटी फुंकर मारली. निळा भुगा टेबलावर पडला. समास दुधासारखा पांढरा झाला होता, आणि ते खूश होते.

दोन पुठ्ठ्यांमध्ये मी प्रवास केला. कुणाकडे जातोय, का जातोय, काही कळत नव्हतं. वाटेत कस्टमच्या एका अधिकाऱ्याने तपासणीसाठी पाकीट सुरीने कापलं. पातं माझ्यापासून दोन बोटांवरून गेलं. खरं सांगतो, तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. जायचं ते गेलं होतं.

दुपारची वेळ होती. केस पिकू लागलेल्या एका बाईंनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. समोर त्यांची म्हातारी आई बसली होती. तिची नजर जवळजवळ गेलेली.

"आई, ओळख काय आणलंय."

म्हातारीने बोटं टेकवली. मुलगी, कंदील, दार. शाईचा थर बोटाला लागतो. बोट कडीवर आलं आणि थांबलं.

"अगं, ही तर आपली कडी! एक स्क्रू पडलेली."

"त्यावरूनच तर ओळखलं मी. यादीत सरांचं नाव, आणि दार आपल्या स्वयंपाकघराचं! म्हटलं, काही झालं तरी हे आईचंच."

"वेडी आहेस छकुले," म्हातारी म्हणाली.

छकुले. मला कापरंच भरलं. ही ती मांडीवरची पोर! हिनेच सातासमुद्रापार मला शोधलं, आणि हिनेच स्वतःची ओळ पुसायला सांगितली.

म्हातारीचं बोट आता समासाकडे निघालं. मला वाटलं, इथेच चुरगळून जावं.

"तिथे काही नाही गं आई. कोरं आहे."

"कोरं कसं असेल? इथे लिहिलं होतं मी. निळ्याने."

"निळ्याने?" लेकीचा चेहरा उतरला. "डाग होते म्हणाले ते. मीच सांगितलं पुसायला. मला काय माहीत गं! करायला गेले एक आणि..."

म्हातारीचं बोट तिथेच हळूहळू फिरत राहिलं, पुढे, मागे, परत पुढे. मग तिने मला उचललं आणि लेकीकडे दिलं.

"खिडकीशी धर. सरळ नको, तिरका धर."

तिरपा उजेड माझ्या अंगावरून सरकला आणि सगळे खळगे उघडे पडले. रंग गेला होता. पण एका हाताने दाबून लिहिलेल्या अक्षरांचे चर तसेच होते. रबराला तेवढ्या खोलवर जाता आलं नव्हतं. मलाही ते ठाऊक नव्हतं. स्वतःचं अंग कोण बघतो?

लेकीने अडखळत वाचलं. छकुलीला ताप आहे, एवढं तिने दोनदा वाचलं.

"म्हणजे मी तिथे होते?"

"मांडीवर होतीस. कामात तेव्हाही तूच आडवी आलीस, आणि आताही तूच," म्हातारी म्हणाली, आणि लेकीचं तोंड चाचपून तिने तिचे डोळे पुसले.

आता मी त्यांच्या कपाटाच्या सपाट खणात राहतो. काचेत बसवायचं म्हातारीने साफ नाकारलं, काचेतून बोटाला काय कळणार? रोज दुपारी मला बाहेर काढतात, आणि तिचं बोट त्या चरावरून जातं. माझी भीती काही गेलेली नाही, फक्त बदलली आहे. कागद किती झाला तरी कागदच. रोजच्या हाताने चर उथळ होत चाललाय. "सर" आता लागतच नाही. परवा "ताप" शोधायला तिला दोनदा बोट फिरवावं लागलं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. माझ्यासारखं जुनं पान कधी हाती आलं, तर डाग पुसण्याआधी ते वाचता येणाऱ्याला विचारा. आणि कोणीच नसेल, तर निदान खिडकीशी तिरकं धरून बघा.

खण उघडल्याचा आवाज येतोय. तिचं बोट ओळीवरून जाईल तेव्हा मी आजही श्वास रोखून धरणार. सगळ्यात खोल चर शेवटच्या शब्दाचा आहे, आणि त्याच्यावर ती रोज थोडी जास्त थांबते. उद्या.