पडद्यावर विरघळणारा आजार

"बघा, बघा, बघा! डोळ्यांची पापणी लववू नका!"

बिंदूसर माइकमध्ये ओरडले आणि साडेतीनशे माना एकदम वर झाल्या. भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर शेकडो गोल चकत्या तरंगत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका शिंप्याच्या बोटाला सुई टोचून काढलेलं ते रक्त होतं, मायक्रोस्कोपखाली ठेवलेलं.

"या गोल गोल चकत्या दिसतात ना? हाच तुमचा आजार. दवाखान्यात तुम्हाला नुसतं त्याचं नाव सांगतात. मी तुम्हाला त्याची भेट घालून देतो!"

मग त्यांनी निळ्या बाटलीतला एक थेंब काचेच्या कडेला सोडला. आधी एका कोपऱ्यातल्या चकत्या फिक्या झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. बघता बघता अर्धा पडदा मोकळा झाला, मग सगळाच. आजार चक्क विरघळला होता. शिंपी ढसाढसा रडायला लागला, त्याच्या बायकोने सरांचे पाय धरले आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

बिंदूसर पूर्वी मायक्रोस्कोप विकायचे. हल्ली ते "पेशींच्या स्मृतीतल्या कंपनांना मूळ स्वरूपात आणतात". म्हणजे नक्की काय करतात, असं एकाने विचारलं तेव्हा सर मंद हसले आणि म्हणाले, "हे समजायचं नसतं, अनुभवायचं असतं." विचारणारा ओशाळून खाली बसला.

मी शेवटून तिसऱ्या रांगेत होते. कर्करोगावरच्या संशोधनाच्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. पेशी काचेच्या बश्यांत वाढवायच्या, त्यांच्यावर नवी नवी औषधं घालायची, कोण जगलं कोण मेलं ते मोजायचं, हे माझं रोजचं काम. असल्या कार्यक्रमाला मी एरवी फिरकलेही नसते. पण आमच्या मावशींनी हात धरून आणलं होतं.

मावशी म्हणजे आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या. सव्वीस वर्षं त्या बाटल्या, नळ्या आणि बश्या धुताहेत. त्यांची थोरली बहीण, अक्का, पहिल्या रांगेत बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स, पर्समध्ये निळी बाटली. अक्काला स्तनाचा कर्करोग होता. केमोचे सहा डोस ठरले होते, तीन झाले होते आणि गाठ लहान होत होती. चौथा डोस घ्यायला मात्र ती तयार नव्हती.

"का घेऊ?" बाहेर आल्यावर ती मलाच म्हणाली. "त्या सुईने केस गेले, तोंडाची चव गेली. इथे बघ, बाटलीतलं रोज दोन चमचे प्यायचं, काही त्रास नाही, आणि डोळ्यांसमोर निकाल! माझंही रक्त लावलं होतं गेल्या रविवारी. सगळं साफ झालं."

"अक्का, पण काल तू सात वेळा पोटासाठी उठलीस," मावशी म्हणाल्या.

"ते विष बाहेर पडतंय. सर म्हणालेच होते तसं."

मी समजवायला गेले. पेशीचं आवरण, रक्तातले घटक, असं काहीतरी सुरू केलं. अक्काने दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिकलेली आहेस, गुणी आहेस. पण जे डोळ्यांनी दिसलं ते खोटं कसं म्हणू?"

 दिसलं ते मलाही होतं, फक्त बाटलीत काय आहे ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी. अक्काच्या पर्समधली बाटली त्यांनी उचलून आणली होती.

"चोरी केलीत, मावशी?"

"बहिणीची वस्तू उचलली तर त्याला चोरी म्हणत नाहीत," म्हणत त्यांनी झाकण उघडलं आणि एक थेंब अंगठ्यावर घेऊन दोन बोटांत चोळला. क्षणभर थांबल्या. पुन्हा चोळला. मग बाटली बंद करून जोरात हलवली आणि माझ्यासमोर धरली. वरती दोन बोटं फेस जमला होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हा साबण आहे. लिंबाचा वास घातलाय, पण साबणच. माझी बोटं या एकाच गोष्टीत मला फसवणार नाहीत."

ते खरंच होतं. बाटली धुतल्यावर साबणाचा एवढासा अंश राहिला तरी आमच्या पेशी मरतात आणि महिन्याभराच्या कामावर पाणी फिरतं. म्हणून मावशी प्रत्येक बाटली आठ-आठ वेळा खळबळतात आणि शेवटी बोट फिरवून बघतात. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणतात की आपल्या निम्म्या संशोधनाचं श्रेय मावशींच्या बोटांना आहे.

मी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. चार काचपट्ट्या तयार केल्या. एकीवर सरांचा थेंब, दुसरीवर मोरीतल्या साबणाचा, तिसरीवर नुसतं शुद्ध पाणी, चौथीला काहीच लावलं नाही. पहिल्या तिन्हींवरच्या चकत्या गायब झाल्या (नुसत्या पाण्यातही त्या फुगून फुटतात), चौथीवरच्या मजेत तरंगत राहिल्या. तेवढ्यात मॅडम आल्या. मावशींनी त्यांना अक्काची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी डोळा लावून पाहिलं, आणि मला वाटलं होतं तशा हसल्या नाहीत.

"पेशी मारणं सोपं असतं गं," त्या म्हणाल्या. "साबण मारतो, उकळतं पाणी मारतं. आपल्या औषधाने बशीतल्या सगळ्या रोगी पेशी मारल्या होत्या, आठवतं? नाचलो होतो आपण. मग निरोगी पेशींवर घातलं, तर त्याही मेल्या. चार वर्षं गेली त्यात. बशीतली पेशी मारायची नसते, माणूस जगवून आजार मारायचा असतो." मग एकदम वळून म्हणाल्या, "आणि हे ती बाई पोटात घेते आहे? केमो चालू असताना? मावशी, आजच्या आज बंद करा. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं तर जिवावर बेतेल. आणि तिच्या डॉक्टरांना लगेच कळवा."

मावशींनी दोन्ही केलं. अक्काने बाटली सोडली, पण रुसून. "तुमच्या मनासारखं होऊ दे," म्हणाली. चौथ्या डोसबद्दल मात्र एक शब्द बोलेना. रविवारी परत सरांकडे जायचं, एवढंच तिचं ठरलेलं.

"मग आपणही जाऊ," मावशी म्हणाल्या. "फक्त तू भाषण करू नकोस."

पण मी केलंच. सरांनी "कोणाला काही शंका?" असं विचारताच मी उभी राहिले आणि तिसऱ्या वाक्याला लोकांनी मला खाली बसवलं. "औषध कंपनीने पाठवलंय हिला!" मागून कोणीतरी ओरडलं. सर उदार हसले. "रागावू नका तिच्यावर. पुस्तकं वाचून डोळ्यांना झापडं लागतात."

तेवढ्यात मावशी उठून व्यासपीठावर गेल्याही होत्या.

"सर, माझं रक्त बघता का?"

सरांनी बोट टोचलं, काच लावली. पडद्यावर चकत्याच चकत्या. सरांचा चेहरा गंभीर झाला. "ताई, वेळेवर आलात. बरंच पसरलंय."

"पण गेल्याच महिन्यात माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही."

"यंत्राला दिसत नाही ते इथे दिसतं."

"हो, दिसतंय खरं." मावशींनी पडद्याकडे नीट पाहिलं. "मग सर, आता तुमचं बोट द्या."

"माझं कशाला?"

"तुम्ही निरोगी आहात ना? निरोगी रक्त कसं असतं ते बघायचंय. म्हणजे मला कळेल, बरं झाल्यावर माझं कसं दिसायला हवं."

यात वावगं काहीच नव्हतं. सर म्हणाले वेळ नाही. मग म्हणाले, साधकाचं रक्त असं उघड्यावर काढत नाहीत. लोक अजून त्यांच्याच बाजूचे होते, म्हणूनच प्रेमाने आग्रह करू लागले. "दाखवा ना सर! एक थेंब!" पहिल्या रांगेतला शिंपी तर हात जोडून म्हणाला, "तुमचं दर्शन घडू द्या."

भक्तांपुढे कोणाचं चालतं? सरांनी बोट पुढे केलं. मावशींनी खुणेने मला वर बोलावलं, मी काच लावली, मायक्रोस्कोप जुळवला, आणि पडदा भरून आला. तशाच गोल, मध्ये खोलगट चकत्या. मावशींच्या होत्या त्यांच्याशी अदलाबदल केली असती तर कोणाला कळलं नसतं.

 मग पहिल्या रांगेतून अक्काचा आवाज आला, अगदी काळजीचा.

"अहो सर, तुम्हालाही झालाय?"

आधी एकजण हसला. मग चार. मग हसण्याचा असा फवारा उडाला की सरांनी काय उत्तर दिलं ते माइकवरूनसुद्धा ऐकू आलं नाही. मावशींनी पिशवीतून भांडी धुवायच्या साबणाची बाटली काढली, वर धरून सगळ्यांना दाखवली आणि त्यातला एक थेंब सरांच्या रक्ताच्या कडेला सोडला. चकत्या फिक्या झाल्या आणि गेल्या.

"हा आमच्या मोरीतला साबण," मावशी म्हणाल्या. "सरांच्या बाटलीतही हाच आहे. घरी जाऊन हलवून बघा, फेस येतो."

"पण मग त्या चकत्या कसल्या?" शिंप्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

या वेळी मला कोणी खाली बसवलं नाही. "त्या रक्ताच्या तांबड्या पेशी," मी म्हणाले. "तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांच्यात असतात. त्या श्वासातली हवा अंगभर पोचवतात. त्या आहेत म्हणून तुम्ही इथे बसून मला प्रश्न विचारताय. साबणाने त्यांचं आवरण फुटतं. पडद्यावर गेला तो आजार नव्हता हो, तो तुमचा जीव होता."

शिंपी बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिला. त्याने उपचार सोडून दोन महिने झाले होते. त्याला घेऊन त्याची बायको दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली, असं नंतर कळलं. सगळेच काही तसे नव्हते. आम्ही बाहेर पडलो तेव्हा वाहनतळावर दोघंजण सरांच्या गाडीच्या काचेवर टकटक करून बाटली मागत होते.

 घराच्या पायऱ्यांशी थांबून अक्का मावशींना म्हणाली, "मला कळलं होतं गं. जुलाब सुरू झाले तेव्हाच कळलं होतं. पण तो म्हणाला, तू बरी झालीस. इतक्या महिन्यांत तेवढं एकच वाक्य कोणी बोललं नव्हतं."

मावशींनी तिचा हात धरला आणि दोघी तिथेच पायरीवर बसल्या. 

चौथा डोस आठ दिवस उशिरा झाला, मग पाचवा, मग सहावा. गाठ आणखी लहान झाली आहे. आता शस्त्रक्रिया आहे. पुढे काय होईल ते तिच्या डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, सांगूही शकत नाहीत. पण दर भेटीत त्या खुर्ची पुढे ओढून बसतात, आणि अक्का आता विचारते, "किती जणींना याचा गुण आला? किती जणींना नाही आला? आणि ज्यांना दिलंच नाही त्यांचं काय झालं?"

वाचणाऱ्या तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. आजारपणात माणूस आशेचा भुकेला असतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण कोणी तुम्हाला डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला, तर घाईने हात जोडू नका. निरोगी माणसावर हेच करून बघा म्हणा. तुमचं औषध न घालता करून बघा म्हणा. खरं औषध या प्रश्नांना घाबरत नाही. ते बनवणारे तर पहिल्या दिवसापासून स्वतःला हेच प्रश्न विचारत असतात, आणि बहुतेक वेळा उत्तर "नाही" असं येतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.