तुला हवं ते घे

आमच्या घरात डोळे दादाकडे, दात वहिनीकडे आणि मन माझ्याकडे, अशी वाटणी आहे. दादाचं चष्म्यांचं दुकान, वहिनी दातांची डॉक्टर आणि मी शाळेत मुलांची समुपदेशक. डोकं मात्र कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही, आणि नेमकं तेच माझ्या भाचीचं, दादाच्या मुलीचं, दुखायला लागलं.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. वय तेरा. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं तरी वाटेत एक गिरकी घेतल्याशिवाय तिला पोचता येत नसे. आठवीचं वर्ष संपत आलं आणि गिरक्या थांबल्या. कपाळाला हात लावून बसायची, जेवणात चिवडाचिवड करायची, कुणी काही विचारलं की ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगायची.

भिंगरी माझ्याच शाळेत आहे. तिथे आठवी संपताना मुलांना पुढच्या वर्षासाठी दोन विषय स्वतः निवडावे लागतात. चित्रकला, संगीत, संगणक, सुतारकाम, भूगोल, आणखी एक भाषा, असं बरंच काही असतं. हे खातं माझं. मला त्यासाठी दोन मऊ खुर्च्या, एक खोली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः निवडलेलं एक चित्र मिळालं आहे. त्यावर ‘तुझा विषय, तुझी भरारी’ असं लिहिलंय आणि खाली एक गरुड आहे, जो कुठल्याही बाजूनं पाहिला तरी कोंबडी दिसतो. आमच्या धंद्याचा नियम एकच, मुलाला उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. दिवसभर ‘तुला काय वाटतं?’ विचारून माझा जबडा दुखतो, पण वहिनी तो फुकटात बघते.

आठवीतली झाडून सगळी मुलं माझ्याकडे येऊन गेली. भिंगरी तेवढी आली नाही. मधल्या सुट्टीत मी समोरून दिसले की ती वळून पाण्याच्या नळाकडे जायची. इतकं पाणी पिणारी मुलगी मी पाहिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, हे कळत होतं, आणि कळत असूनही वळत नव्हतं याचा मला रागही येत होता.

घरी तर आनंदच होता. दादानं पणच केला होता की पोरीवर काही लादायचं नाही. त्यामागे एक गोष्ट होती आणि ती आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होती. “मला कुणी विचारलं होतं? शाळा संपली, दुसऱ्या दिवशी दुकानात. तुला काय व्हायचंय रे बाबा, असं एका अक्षरानं विचारलं नाही कुणी.” पाहुणे आले की ही गोष्ट व्हायची, पाहुणे नसले तरी व्हायची. ती सुरू झाली की आमचे आप्पा, म्हणजे आम्हां दोघांचे वडील, गुपचूप उठून झाडांना पाणी घालायला जायचे. दादाच्या गोष्टीपायी दोन झाडं कुजून मेली.

तर दादा जेवताना रोज म्हणायचा, “तुला हवं ते घे, आमचं काही म्हणणं नाही.” वहिनी त्यावर, “अगदी मनापासून घे हं.” मग घरात वस्तू यायला लागल्या. रंगांची पेटी आली, छोटा पियानो आला, खिडकीत दुर्बीण आली. “सहज दिसली म्हणून आणली,” असं वहिनी म्हणायची, आणि भिंगरीनं पियानोवर एक बोट ठेवलं की दोघं नवराबायको दारात उभे राहून पाणावल्या डोळ्यांनी बघायचे. आठवड्याभरात पोरीनं सगळ्याच वस्तूंना हात लावायचं सोडून दिलं.

विषय सोमवारी कळवायचे होते. रविवारी संध्याकाळी दादाला साक्षात्कार झाला. “अगं, डोकं दुखतंय म्हणजे नंबर असणार! चष्मेवाल्याची पोर आणि नंबर काढायचा राहिलाय. लोक शेण घालतील तोंडात.” दुकान रविवारी बंद असतं, तरी तो तिला घेऊन निघाला. वहिनी दवाखान्यात होती, म्हणून सोबतीला मी गेले. आप्पा स्वतःच्या किल्लीनं उघडून आधीच तिथे बसले होते. आता ते गिऱ्हाईक बघत नाहीत, पण कोपऱ्यातल्या टेबलावर फ्रेमचे ढिले स्क्रू बसवत असतात. त्यांना घरापेक्षा तिथे बरं वाटतं.

दादानं भिंगरीला उंच खुर्चीत बसवलं. तपासणीची ती जड, गोल चौकट तिच्या नाकावर चढवली. भिंगांची पेटी उघडली आणि एकेक काच चौकटीत सरकवायला लागला.

“आता बघ हं. हे स्पष्ट, की हे?”

“सारखंच.”

“बरं. आता? पहिलं बरं, की दुसरं?”

“माहीत नाही.”

“घाई नाही, बाळा. नीट बघ. यात चूक-बरोबर असं काही नसतं. तुला काय वाटतं ते सांग.”

हे माझंच वाक्य. मी रोज म्हणते ते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती छळवादी आहे ते मला कळलं. दादानं काच बदलली. “हे? की हे?”

“मला नाही माहीत!” भिंगरी एवढ्या जोरात ओरडली की आप्पांच्या हातातला स्क्रू उडाला. “सारखं काय विचारता? तुम्हीच सांगा ना एकदा कुणीतरी! मला काहीच आवडत नाही. म्हणजे सगळंच थोडंथोडं आवडतं. मनापासून म्हणजे काय असतं तेच मला कळत नाही. बाबांना माहीत होतं त्यांना काय हवंय, फक्त त्यांना मिळालं नाही. मला सगळं मिळतंय आणि मला माहीतच नाही. माझ्यातच काहीतरी बिघडलंय.”

आणि ती चौकटीमागे रडायला लागली. पोर विषयांना भ्यालीच नव्हती. ती स्वतःला नापास करून बसली होती, आणि परीक्षक आम्हीच होतो, चांगले हसरे, प्रेमळ परीक्षक. दादा हातात भिंग धरून उभा होता. त्याच्याकडे बघताना मला एकदम जाणवलं की इतक्या वर्षांत एक साधा प्रश्न आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता.

“दादा,” मी म्हटलं, “तुला नक्की व्हायचं काय होतं रे?”

“म्हणजे?”

“म्हणजे आप्पांनी दुकानात बसवलं नसतं, तर तू काय झाला असतास?”

“तसं... म्हणजे बघ ना...” दादानं भिंग पुसलं. स्वच्छच होतं, तरी पुन्हा पुसलं.

“वैमानिक?” मी मदत केली.

“छे! मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं.”

“गवई?”

“उगाच काहीतरी.”

“मग?”

भिंगरीनं रडणं थांबवून चौकटीतून बापाकडे पाहिलं. दादा खाली स्टुलावर बसला.

“काहीच नाही,” तो म्हणाला. “खरं सांगतो, मला काहीच माहीत नव्हतं. सगळे मित्र कुठे कुठे निघाले होते आणि माझ्या पोटात नुसता गोळा. आप्पा म्हणाले, उद्यापासून दुकानात ये. मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मी दोनदा जेवलो. आणि मग पहिल्यांदा एका बाईंना नंबर लावून दिला, त्यांना समोरची पाटी वाचता आली, आणि... आवडलंच की मला हे काम. आवडतंच.”

आता कोपऱ्यातून आवाज आला. “आवडतं?” आप्पा उभे राहिले होते. “मग मी इतकी वर्षं खाली मान घालून झाडांना पाणी कशापायी घालतोय?”

भिंगरीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग चांगलं खदखदून, आणि ती जड चौकट नाकावर वरखाली नाचायला लागली. मीही हसले. दादा कानापर्यंत लाल झाला होता.

“मग आता तुम्हीच सांगा, आजोबा,” ती म्हणाली. “मी कुठले दोन घेऊ?”

“मी? नको गं बाई. एकदा सांगितलं तर केवढ्याला पडलं, बघितलंस ना?”

भिंगरी पाय हलवत विचार करत होती. घाबरलेला विचार नव्हता तो, काहीतरी खायला शोधताना करतो तसा होता.

“भूगोल घेते,” ती म्हणाली. “त्या बाई कुणालाच ओरडत नाहीत. आणि सुतारकाम. तिथे कुणी सारखं विचारत नाही, हातात करवत देतात.”

ही काय कारणं झाली, असं माझ्या धंद्यातल्या कुणीही म्हटलं असतं. मी म्हटलं नाही.

“पण चुकलं तर?” तिनं विचारलं. आवाज पुन्हा बारीक झाला होता.

दादानं पुढे होऊन तिच्या नाकावरची चौकट उतरवली. दोन्ही बाजूंना लाल खुणा उठल्या होत्या, त्या अंगठ्यानं चोळल्या. “चुकलं तर खुशाल माझ्या नावानं खडे फोड. आल्यागेल्याला सांग, बाबांनी घ्यायला लावलं. मी तेच केलं. फार सोपं जातं.”

“तुम्हाला चालेल?”

दादानं मान वळवून आप्पांकडे पाहिलं.

आप्पा वाकून खाली पडलेला स्क्रू शोधत होते. तिथूनच म्हणाले, “चालतं गं. बापाला चालतं.”