आनंदीबाईंनी सांभाळलेला वाळा

नायगावची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा रघुवीर मांजरेकरांनी जुन्या घरातून एकच जिवंत वस्तू आणली: वाळा. स्वतःला ते त्यात धरत नसत. बायकोने, सुचित्राने, माहेराहून आणलेलं ते गवत रंगाच्या रिकाम्या डब्यात वाढलेलं. सुचित्रा गेली, डबा राहिला. सतराव्या मजल्यावर वारा सुटला की लांब पाती डुलायची आणि चहा पिता पिता मांजरेकर त्यांच्याशी बोलायचे. पाती मध्येच तोंड घालत नसत. या बदलाची त्यांना अजून सवय व्हायची होती.

मे महिन्यात गावच्या देवळाचं काम निघालं. चावी समोरच्या आनंदीबाईंकडे दिली.

"वहिनी, रोज तांब्याभर पाणी. बाकी काही करू नका."

"गवताक आणि काय करूचा आसता, भावोजी?"

महिन्याने परतले तर डबा रिकामा. आतून धुऊन पालथा घातलेला.

मांजरेकर तसेच समोरच्या दारात गेले. विचारायला तोंड उघडलं. उघडं तोंड बघून आनंदीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

एक घोट घेतला आणि ते खुर्चीत बसले. पाण्याला चाळीतल्या माठाचा वास होता. दर उन्हाळ्यात सुचित्रा वाळ्याच्या मुळांची जुडी माठात सोडायची.

"नातीला बघायला पाहुणे येणार होते," आनंदीबाई म्हणाल्या. अपराधी वाटलं की त्या शुद्ध मराठी बोलत. "म्हटलं, दोन मुळं काढावीत. ओढली, तर अख्खं झाडच हातात आलं. आत माती नावाला, नुसती मुळं."

"आणि गवत?"

त्यांनी गॅलरीचं दार उघडलं. बिनझाकणाचा कुकर, आईस्क्रीमचे डबे, नातवाचा जुना टब. प्रत्येकात आखूड कापलेला वाळ्याचा एकेक ठोंब आणि प्रत्येकाला नवी हिरवी पात.

"घाबरून लावले. एक मेला तर दुसरा दाखवीन म्हटलं. मेल्यांतलो एक मरात तर शप्पथ."

मांजरेकरांनी रिकामा पेला पुढे केला. "अजून आहे?"

कुकर त्यांनी घरी नेला. संध्याकाळी मजल्यावरच्या एकेका दारात ते ठोंब घेऊन उभे राहिले. मागे टब सावरत आनंदीबाई.

"आमच्या मंडळींचा वाळा. रोज तांब्याभर पाणी घाला."

"बाकी काही करायचं का, काका?" कोपऱ्यातल्या घरची श्रेया म्हणाली.

मांजरेकरांनी मागे वळून पाहिलं. आनंदीबाई टबाकडे बघत होत्या.

"डबा भरला," ते म्हणाले, "की यांना ओढायला बोलवा."